सहावा शब्द

सोमवार
ताईच्या नव्या घरी येऊन पडले एकदाची. दारातच तिनं पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, आजपासून तू माझी विद्यार्थिनी. जन्मभर मुलांना श्रुतलेखन घातलेली बाई ती, निवृत्त झाली तरी खोड जात नाही.

नाट्यगृहात दिवा फिरवताना शिडीवरून पडले, डोकं फळीवर आपटलं. कवटी शाबूत आहे, मेंदूला हादरा बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक माणसं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, फक्त घाई करायची नाही. पडदे ओढून पडायचं, मोबाइल बंद, हातानं चार ओळी लिहिलेल्या चालतील. उजेडावर पोट भरणारी मी आणि मला उजेडच खुपतोय.

रोज सकाळी ताई पाच शब्द सांगणार, चहा झाल्यावर मी ते परत म्हणायचे. शनिवारी डॉक्टरीणबाई स्वतः परीक्षा घेणार. चुकले तर शिडी बंद. मी चुकणार नाही. नव्या नाटकाचे दिवे मीच लावणार.

मंगळवार
साबण, कावळा, सुई, डबा, छत्री. सगळे आठवले. वर मी 'फाटक' म्हणाले. ताईनं तो सांगितलाच नव्हता, तोंडातून आपोआप आला. न विचारलेलं लिहिलं की गुण कापायची तिची जुनी सवय, तिनं एक कापला. संध्याकाळी फाटक सताड उघडं होतं. वाऱ्यानं उघडलं असेल, म्हणे.

बुधवार
आज 'पायरी'. जीभ चावून धरली तरी निसटला. दुपारी पायरीवरची कुंडी फुटली. मातीत पाऊल उमटलंय, बोटं घराकडे. ताईनं फोन केला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा मारानं शब्दांची सरमिसळ होते, जाईल हळूहळू. जाईलच. पण कुंडी काही माझ्या मेंदूत फुटली नाही.

गुरुवार
'उंबरठा.' पायपुसणं आतल्या बाजूला गोळा झालेलं, कुणी पाय घासत आत आल्यासारखं. घाबरले, खोटं कशाला लिहू. मग संतापच आला. मी नाव घेते तिथवरच ते येतं, म्हणजे दोरी माझ्याच हातात आहे. उद्यापासून तोंडाला कुलूप.

शुक्रवार
पाच म्हटले आणि लगेच रुमाल तोंडात कोंबला. सहावा गिळला, कडू लागला. ताई म्हणाली, अगं, मळमळतंय का तुला? दिवसभर घर शांत. जिरवली त्याची.

शनिवार
पास! डॉक्टरीणबाई खूश, हळूहळू कामाला लागा म्हणाल्या. डोकं कसं लख्ख झालंय.
घरी आल्यावर ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच म्हणाली, पडदा. काय म्हणालीस विचारलं तर तिला काहीच आठवेना.
खिडकी बंद होती. तरी तिच्या खोलीतला पडदा फुगलेला, खांद्याएवढ्या उंचीवर.

रविवार
'उशी.' पुन्हा ताईच म्हणाली.
मी गिळला तो तिच्या तोंडी जाऊन बसला. मी बरी झाले ती अशी.
दुपारी ती झोपली होती. उशीवर तिच्या डोक्याशेजारी दुसरा खळगा — हळूहळू खोल होत —
मी उशी ओढून अंगणात फेकली. ताई चिडली. चिडू दे.

सोमवार
चहा निवलाय. ताईला खुर्चीतच डुलकी लागलीय. ओठ हलतायत. मा — मा —
पुढचं अक्षर मला माहीत आहे.
ती म्हणाली तर तिची. मी म्हणाले तर —
शिडी गेली खड्ड्यात.
डाव्या हातानं तिचं तोंड दाबलं. मोठ्यानं म्हटलं. मान. माझी.
ताईचे ओठ थांबले. घोरतेय, वेडी.
मागे खुर्ची सरकली. गार बोटं —
ये म्हणावं. मी मान खाली घालणार ना—