वर्गाच्या गटावर गेलेला सराव

तीर्थरूप बाबांस सादर प्रणाम.

फोन असताना पत्र लिहून तुमचा वेळ घेण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. हे तोंडाने सांगवले नसते.

वर्गात शिकवताना माझी वाचा बसते, म्हणून विभागप्रमुख माझे तास काढून घेणार होते. तुम्हांला तपासायला पाठवायचे व्याख्यानाच्या सरावाचे रेकॉर्डिंग काल चुकून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले. त्याच्या शेवटी मी विचारले होते, "बाबा, आवाज फार कापतो का हो?"

उत्तर विद्यार्थ्यांनीच दिले: "अजिबात नाही, मॅडम! बाबांना सांगा, पुढचा भाग आधी आम्हांला."

विद्यार्थ्यांनी ते विभागप्रमुखांना ऐकवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "असेच पाठवत जा, वर्गात फक्त मुलांच्या शंका सोडवा." तास माझ्याकडेच राहिले.

आता दोन घास नीट जातात, एवढे आईला सांगावे. तिचा गुडघा कसा आहे?

तुमची धाकटी

टपालात टाकले: मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारी सव्वातीन.