पोटाचा फोटो

आळंद, ता. ३ फेब्रुवारी १९४१
आज पुन्हा पोटात जेवण ठरलं न्हाई. अर्धी भाकर खाल्ली, तासाभरात कळ, मग हिरवी ओकारी. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "काम निघालं की हिचं पोट दुखतंय." ऐकून भांडी घासत राहिले. लहानपणापासून असंच हाय. माहेरी निदान खोटं म्हणत नव्हते.

ता. ९
अक्कलकोटहून माझा भाऊ अण्णा आला. दारातच म्हणाला, "गंगू, कामून एवढी वाळलीस?" सोलापुरात यंत्रावर पोटाचा फोटो काढतेत म्हणे. मालक तुरीच्या बाजारात अडकलेले. "हंगाम होऊ दे, मग बघू." मी म्हटलं, "तुमी बाजार बघा. मी अण्णासंगं जायलेय." ह्यांच्याम्होरं एवढं कधी बोलले नव्हते.

सोलापूर, ता. १२
उपाशीपोटी अंधाऱ्या खोलीत नेलं. खडू कालवल्यासारखं दाट पांढरं प्यायचं. निम्मं ओकले. नर्सबाई म्हणाली, "उद्या करू." म्हटलं, "न्हाई, आजच." नाक दाबून दुसरा गलास संपवला. गार फळीला पोट लावून उभी केली. श्वास धर, सोड. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवस त्यातच गेला.

ता. १३
डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरला. पांढरी वाट सगळी उजवीकडंच उतरलेली. "बाई, आईच्या पोटात असताना आतडी वळून जागेवर बसतात. तुमची वळलीच नाहीत. हे मी पुस्तकात पाहिलं होतं, माणसात आज पहिल्यांदा."
अण्णा म्हणाला, "म्हंजी दुखणं खरंच हाय."
"खरं म्हणजे? इतकी वर्षं काढली कशी यांनी?"
मला रडू आलं. दुःखाचं न्हवतं.
अन्नाची वाट आवळणारा पडदा कापावा लागंल. न कापता कधी पीळ पडला तर दवाखाना गाठायला वेळ मिळायचा न्हाई. कापण्यातबी जिवाला धोका. लपवलं न्हाई त्यांनी.

ता. १६
हे आले. फोटो बराच वेळ बघितला.
"आई म्हणती, पोट फाडल्यावर माणूस वाचत न्हाई."
"तुमी काय म्हणता?"
त्यांनी फोटो खाली ठेवला.
"सही तुमी करा, न्हाईतर अण्णा करंल. मी हे दुखणं घेऊन परत येत न्हाई."
उठून बाहेर गेले.

ता. १७
सकाळी येऊन सही केली. मग खाटेपाशी बसले. "भ्या वाटायलंय का?" म्हटलं, व्हय. पर जायचंय.
हात धरला. चारचौघांत, पहिल्यांदाच.
अण्णा दाराशी हाय. परत आले तर सासूबाईंना हा फोटो मी स्वतः—
नर्सबाई बोलवायलीय. जाते.