बारा बाटल्यांचं पाणी

प्रिय धनू,

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. माझं डोकं महिनाभर ठिकाणावर नाही, आणि फोनवर मी भलतंच बोलून मोकळी होते, हे तुला माहीतच आहे.

नागपूरच्या होस्टेलात तू माझ्या पाठांतराला हसायचीस आणि मी तुझ्या काचेच्या नळ्यांना. पुढे तू पाण्याची संशोधक झालीस, मी सौंसरजवळच्या या खेड्यात नर्स, आणि एकाच कामाला दोघी जुंपल्या गेलो. मी गुडघे आखडलेल्यांची, दातांवर पिवळे चट्टे असलेल्या पोरांची यादी करायची. तू त्यांच्याच घरच्या बोअरचं पाणी बाटल्यांतून नेऊन तपासायचं आणि त्यात हाडं-दात खराब करणारं फ्लोराइड किती ते सांगायचं. मला केवढा अभिमान वाटत होता! गावातल्या आशाताईंना मी चारदा तरी सांगितलं असेल, ती माझी मैत्रीण आहे म्हणून.

मग तुझा अहवाल आला. बाराही घरांचं पाणी चांगलं. तू फोनवर म्हणालीस, आकडे इतके सारखे कसे गं? मी म्हटलं, एकाच आळीतलं पाणी, सारखंच असणार. पण माझ्या यादीत त्याच आळीतली तेवीस माणसं होती. यंत्र खोटं बोलत नाही, मग माझेच डोळे खोटे का? मी पुन्हा घरोघर फिरले, पुन्हा गुडघे वाकवून पाहिले. डॉक्टरसाहेब म्हणाले, सिस्टर, कॅल्शियम द्या आणि पाण्याचा नाद सोडा. सोडला. सातव्या महिन्यातली स्नेहा माझ्याच सांगण्यावरून गावाबाहेरच्या नळाचं पाणी आणायची. तिला म्हटलं, आता घरच्या बोअरचं पी, अहवाल आलाय. बिचारी खूश झाली.

परवा देवकाबाईंकडे बीपी बघायला गेले. त्यांचं वय सत्तर, गुडघे लाकडासारखे. त्यांनी मला पाणी दिलं ते कोपऱ्यातल्या कॅनमधून. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "पाव्हण्याले का आपलं खारं पानी द्याव बाई? थे तुही मॅडम नागपूरहून येऊन राहिली होती, तवाबी सौंसरहून कॅन आनला. साऱ्या आळीच्या बाटल्या म्याच त्यातून भरून देल्या." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं धनू, की मला रागावताही येईना. हसावं की रडावं तेच कळेना, अजूनही कळत नाही. चूक त्यांची म्हणू? पाहुण्याला चांगलं तेच द्यायचं, हे तर माझ्या आईनंही मला शिकवलं.

नाही गं, चूक माझीच. तू बाटल्या न्यायला आलीस त्या दिवशी बाळांच्या लसीकरणाची गर्दी होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मी बाटल्या घरोघर वाटून आले. पाणी बोअरपाशी उभं राहून मी स्वतः भरायचं, असं तू दोनदा बजावलं होतंस. प्रत्येक फॉर्मवर 'माझ्यासमोर भरले' असं छापलेलं होतं आणि बाराही ठिकाणी मी डोळे मिटून सही ठोकली. आज सकाळी स्नेहाच्या दारात जाऊन सांगितलं की मी चुकले, घरचं पाणी पिऊ नकोस. ती घागर उचलून पोट सांभाळत नळाकडे निघाली. घागर मी घेतली, पण उद्या कोण घेईल? सोमवारी तुझे सर हा अहवाल छिंदवाड्याला जिल्हा कचेरीत नेतील आणि ही आळी कायमची चांगल्या पाण्यात जमा होईल. फोनवर सांगितलं असतं तर तू मला सांभाळून घेतलं असतंस, काहीतरी कारण काढून माझं नाव झाकलं असतंस. म्हणून हे लिहून देते आहे. माझी नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, पण हे पत्र जसंच्या तसं सरांपुढे ठेव, आणि नव्या बाटल्या घेऊन ये.

तुझीच, पण या वेळी पूर्ण नावानं सही करणारी,
करुणा उत्तम गजभिये