हिरवा दिवा

४ मार्च, सोमवार

नाही देणार! बाईंचं बटण परत घेऊ देणार नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं सांगून आले. सांगितलं ते सांगितलं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहतात, आमच्या कंपनीचं बटण गळ्यात घालतात. पडलं-झडलं, छातीत दुखलं की दाबायचं. ते आमच्या सर्व्हरला जोडलं जातं, बटणावर हिरवा दिवा लागतो, इकडे ऑपरेटरच्या स्क्रीनवर नाव येतं आणि मदतीला माणूस निघतो. बाईंची ही तिसरी तक्रार – दाबलं, दिवा लागला, कुणी आलं नाही. आमचा फोन गेला तोवर शेजारणीने उचलून खुर्चीत बसवलंही होतं.

साहेब म्हणाले, "वय झालंय त्यांचं. अशा खोट्या तक्रारी करणाऱ्यांची बटणं काढून घ्या." मी म्हटलं, जिने जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या ती स्वतः कशाला थापा मारेल?

सर्व्हर मी लिहिलाय. त्याला हाक ऐकू येत नाही असं कुणी म्हटलं की झोंबतं. पण म्हातारी माणसं खोटं बोलतात म्हटलं की त्याहून जास्त झोंबतं.

६ मार्च

टेबलावर बटण ठेवून दिवसभर दाबलं. दर वेळी दिवा, दर वेळी स्क्रीनवर माझं नाव. हेडफोनवाली, म्हणजे आमची ऑपरेटर, शेवटी वैतागली – "ताई, खरंच काही दुखत असेल तर सांगा, नाहीतर मला जेवू द्या."

सगळं ठीक चालतंय. म्हणूनच माझं डोकं फिरलंय.

१० मार्च, रविवार

बाबांकडे गेले. बटण चमच्यांच्या खणात! मीच दिलेलं, मीच गळ्यात घातलेलं. विचारलं तर म्हणतात, "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय आहे?" कोपरावर भला मोठा काळानिळा डाग. "दाराला लागलं." संपला विषय. हट्टीपणात मी त्यांच्यावरच गेलेय असं आई म्हणायची, पण माझा हट्ट निदान कामाचा असतो.

निघताना चपला घालत होते तेव्हा सहज म्हणाले, "तो हिरवा दिवा लागला, की तुमच्याकडं कळतं ना गं?" म्हटलं, "कळतं म्हणजे कळतंच बाबा. त्यासाठीच आहे तो." "हं," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

घरी येईपर्यंत चिडचिड. जगाच्या आईबापांसाठी जागते आणि माझाच बाप चमच्यांत ठेवतो.

१२ मार्च, मंगळवार

सापडलं!

आज कंटाळून दोन बटणं चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरला जोडून घेतली, दोन हातांत दोन. एकदम दाबली. दोन्हींवर हिरवा दिवा. स्क्रीनवर नाव एक. थांबले, चहा पिऊन आले, तरी एकच. मग हेडफोनवालीला तिसरं बटण दाबायला लावलं – आणि स्क्रीनवर आलं ते माझं दुसरं! तिचं आलंच नाही. चौथं दाबलं तेव्हा तिचं आलं. एक हाक मागे राहिली की तिथून पुढे प्रत्येक माणूस मागून येणाऱ्याच्या हाकेची वाट बघत बसतो.

नीट लिहून काढते, उद्या साहेबांसमोर शब्द अडायला नकोत. सर्व्हर सारखा दाराशी जाऊन बघत नाही कोण आलंय. स्वस्थ बसतो, कुणी आलं की त्याला घंटी ऐकू येते, मग उठून आत घेतो. पूर्वी दारात कुणी उभं असेपर्यंत घंटी वाजतच राहायची. एकाला आत घेतलं, अजून कुणी आहे, घंटी चालूच, मग पुढच्याला घ्यायचं. गेल्या वर्षी साहेबांना वेगाचं वेड लागलं. एवढ्या घंट्या कशाला? नवं कुणी आलं की एकदाच वाजेल असं त्यांनी करून टाकलं. माझा भाग मात्र तसाच राहिला – घंटी वाजली, एकाला घेतलं, जागेवर येऊन बसलं. दोघं एकदम आले तर घंटी एकदाच. एक आत, एक दारात.

दिवसा कळत नाही, कारण सगळी बटणं 'चालू आहे' एवढी हजेरी द्यायला सारखी जोडली जातात आणि मागचा पुढे ढकलला जातो. सामसूम असली की तो तसाच उभा. दर सोमवारी सर्व्हर बंद करून चालू करतो, की पुन्हा सगळं स्वच्छ. आणि तो दिवा! दारापर्यंतचं कनेक्शन मशीनच जोडून टाकतं, माझ्या प्रोग्रॅमला पत्ताही नसतो. दिवा एवढंच सांगतो की हाक दारापर्यंत पोचली. ऐकली कुणी, हे नाही.

बाई खरं बोलत होत्या. प्रत्येक वेळी!

१३ मार्च

साहेबांनी सगळं ऐकलं आणि पेन टेबलावर आपटत राहिले. सोमवारी मोठं गिऱ्हाईक येतंय, वृद्धाश्रमांची साखळी आहे त्यांची. "ते जाईपर्यंत कोडला हात लावायचा नाही. रोज बंद-चालू करा सर्व्हर, भागेल." म्हटलं, रोज कोण पडायचं आणि कोण नाही, हे पण ठरवून देता का? "तुम्ही फार भावनिक होता," म्हणाले.

होते. झाले. पुढे?

१५ मार्च

नोकरी गेली तर काय, याचा विचार करून झाला. जाईल. गप्प बसणार नाही.

१८ मार्च, सोमवार

गिऱ्हाईकांत एक पोक्त नर्स होती, आश्रम तीच चालवते. साहेबांचं गुणगान चालू असताना मी मध्येच उठले. चाचणीचं एक बटण तिच्या हातात, एक तिच्या सहकाऱ्याच्या. "एकदम दाबा." दाबलं – आणि दोन्ही नावं आली! साहेब गालात हसले. दोघांच्या दाबण्यात किंचित अंतर पडलं होतं, दुसरं काय. मी म्हटलं, पुन्हा. साहेब म्हणाले, "पुरे आता." नर्स म्हणाली, "दाबू द्या की."

दोन दिवे. नाव एक.

नर्सने दिव्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. "आणि माझा पेशंट कुठाय?" उत्तर मी दिलं, सगळं. शेवटी ती म्हणाली, "दुरुस्त झालं की बोलवा. हिला समोर बसवा तेव्हा." साहेब जाता जाता पुटपुटले, "आजच करून टाका." माझ्याकडे न बघता.

दुरुस्ती चार ओळींची. घंटी वाजली की एकालाच घेऊन परत फिरायचं नाही. घेत राहायचं, घेत राहायचं, 'आता दारात कुणी नाही' असं उत्तर येईपर्यंत. दिव्याचंही बदलायला लावणार आहे – माझ्या प्रोग्रॅमने ओ दिल्याशिवाय तो लागता कामा नये.

१९ मार्च

बाईंना फोन केला. "तुमचंच बरोबर होतं." त्या म्हणाल्या, "ते मला माहीत होतं. तुम्हाला कळलं हे बरं झालं." पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं वाटलं. रविवारी बाबांना सांगणार, अगदी तिखटमीठ लावून.

२४ मार्च, रविवार

सांगितलं सगळं. बाबांनी खणातून बटण काढून स्वतःच गळ्यात घातलं, हुक लागेना म्हणून मी लावून दिला. पाठ माझ्याकडे होती. म्हणाले, "म्हणजे तुला कळलंच नव्हतं तर. एका रविवारी रात्री न्हाणीघरात पडलो होतो, दिवा लागला. मला वाटलं, कळलंय तुला, पण कामात असशील."