मावशीच्या विरजणाची तुलना

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. गुडघ्याची सूज आणि काकांवरचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. पण पुढचं बसूनच वाच.

तुझ्या विरजणातला जिवाणू आमच्या प्रयोगशाळेतल्या जिवाणूपेक्षा सरस निघाला, असं मी कळवलं होतं, आणि तू ते अख्ख्या गल्लीला कळवलंस. काम दोघांचं एकच, दुधातल्या साखरेचं आम्ल करायचं. ते घडवून आणणारं विकर (आम्ही एन्झाइम म्हणतो) कुणाचं जास्त उष्णता सोसतं, हे मी पाहत होते. तुझं सात अंशांनी पुढे गेलं. तुझ्या सासूच्या हाताखाली चाळीस वर्षं काढलेल्या विरजणाला उष्णतेचं काय कौतुक, असं मीही ज्याला त्याला ऐकवत सुटले.

मंगळवारी पाणी तापवायच्या दोन पेट्यांपैकी एक बंद पडली. (खिडकीजवळची तुझ्या नळ्यांची, दाराजवळची प्रयोगशाळेच्या.) नाइलाजाने सगळ्या नळ्या खिडकीजवळच्या पेटीत ठेवल्या, तर दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले. त्या पेटीचा काटा सात अंश जास्त दाखवत होता. तीन महिने मी दोन जिवाणूंची नव्हे, दोन पेट्यांची तुलना करत होते! तरी मनात पाल चुकचुकलीच. इतकं सारखं कसं? जनुकं तपासून घेतली, तर अक्षर न् अक्षर एक. वही उघडली. पहिल्याच आठवड्यात, घाईत, मी दोन्ही बाटल्यांत प्रयोगशाळेचाच जिवाणू घातला होता आणि तुझी नळी रिकामी समजून उकळून धुतली होती. मावशी, तुझा जिवाणू शर्यतीत उतरलाच नव्हता गं.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. या तुलनेवरचा माझा शोधनिबंध शनिवारी छापायला जायचा होता. पण माझ्या मार्गदर्शक बाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"निबंध मागे घे," म्हणाल्या. "आणि आधी मावशींना कळव. गल्लीला तोंड त्यांना द्यायचंय."

मला रडू आलं. ते मी पेटीच्या वाफेवर ढकललं.

तुझी अपराधी भाची

ता. क. थोडं विरजण पुन्हा पाठवशील? दोन डब्यांत.

ता. क. २. दुसरा डबा आईसाठी. तिच्याकडचं तुझं विरजण सहा वर्षांपूर्वीच बिघडलं. तुला वाईट वाटेल म्हणून तिने सांगितलं नाही, गुपचूप दुकानातलं दही आणते. मागल्या खेपेला तू दोन वाट्या मागून घेतल्यास आणि "अगदी सासूबाईंची चव" म्हणत डोळे पुसलेस, ते तेच.