वहीतलं माप

सोमवार, ता. ९

ती. ताईंना,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना कमी चढत जा. आमचं ठीक चाललं आहे. शाळांच्या गणवेशांचा ढीग पडलाय, त्यामुळे दुकानात मान वर करायला सवड नाही. जुन्या मशीनची मोटर बदलून घेतली, आता ती पूर्वीसारखी किंचाळत नाही.

पत्र पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, की दोन वर्षांनी हिला नणंद कुठून आठवली. फोन तुम्ही उचलणार नाही हे मला ठाऊक आहे. जाताना दारात म्हणाला होतात, "काही सांगायचं असेल तर लिहून कळव. तोंडाने तू फार सफाईने खोटं बोलतेस." तेव्हा मिरच्या झोंबल्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ओठांत कायम टाचण्या असायच्या, म्हणून तुम्ही मला टाचणीच म्हणायचात. त्या दिवशी मात्र पूर्ण नावाने हाक मारलीत.

तर बातमी अशी, की शनिवारी हे डॉक्टरांकडे आले. मी ओढून नेलं नाही, आपल्या पायांनी आले. मागच्या आठवड्यात एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तीस वर्षं कात्री धरलेला माणूस! मी म्हटलं, असू दे, दोन डावे हात असलेलं गिऱ्हाईक शोधू. हसले नाहीत. कात्री फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि म्हणाले, "कुणाला तरी दाखवू या."

डॉक्टर बाई आहेत, तरुण, बोलायला साध्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे घरीच राहायचं, रोज सकाळी दवाखान्यात जाऊन नाडी, रक्तदाब दाखवून यायचं, गोळ्या माझ्या हातून घ्यायच्या आणि आठवड्यातून तीनदा बाकीच्यांबरोबर बसून बोलायचं. दुसरी म्हणजे चार आठवडे भरती. पहिले काही दिवस नर्सच्या नजरेखाली, आणि दहा दिवस भेट नाही की फोन नाही. कुठली वाट कुणाला, हे हौसेवर नसतं म्हणाल्या. माणूस किती पितो, दिवसाची सुरुवात कधी करतो आणि पूर्वी सोडताना काही त्रास झाला होता का, यावर ठरतं. फार पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटका येऊ शकतो. जिवावरही बेततं.

ह्यांनी सांगितलं, रोजचे चार पेग. संध्याकाळी. त्रास कधीच नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, एवढ्याला घरी राहून जमेल. गोळ्या लिहून दिल्या. गुरुवारी सकाळपासून पूर्ण बंद.

म्हणजे सोपंच झालं की नाही? हे तर येताना रस्त्यात शीळ घालत होते. भरतीचं नाव काढलं की ह्यांचा जीव अर्धा होतो. दार बाहेरून बंद होतं हे कुणीतरी सांगून ठेवलंय. मलाही बरंच वाटलं. तरी राहून राहून मनात येतं, भरतीच बरी होती की काय? इस्त्रीच्या टेबलाखाली बाटली सापडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ह्याला आत ठेवल्याशिवाय हा वाचायचा नाही." आणि मी म्हणाले होते, माझ्या घराची मापं काढायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही. ते मी बोलायला नको होतं.

काळजी करू नये. मीही करत नाही. फक्त हात सारखे गार पडतात आणि सुईत दोरा जात नाही, ते वयाने असेल. तुमच्या कानावर असावं म्हणून कळवलं, एवढंच.

आपली,
भावजय


बुधवार, ता. ११

ताई,

तुमची चिठ्ठी आत्ता दुपारी मिळाली. एवढ्या मोठ्या पाकिटात एकच ओळ: 'हे आकडे त्याने सांगितले, की तू मोजलेस?'

हे समोर बसून बटणं लावताहेत. चिठ्ठी मी खडूच्या डब्याखाली सरकवली आणि गणवेशांची यादी करतेय असं दाखवत हे लिहिते आहे.

तुम्ही दुकानात बसायचात तेव्हा आमची गंमत पाहिली आहे. पोट सुटलेलं गिऱ्हाईक आलं की हे टेप लावून मोठ्याने म्हणणार, "कंबर छत्तीस!" गिऱ्हाईक खूश. आणि इकडे ह्यांच्या बुटाचं टोक माझ्या स्टुलाच्या पायाला लागणार. एक ठोका म्हणजे एक इंच. चार ठोके पडले की मी वहीत चाळीस लिहायची. तोंडचं माप गिऱ्हाईकाच्या मानासाठी, वहीतलं कात्रीसाठी. "कापायचं ते वहीवरून," हे ह्यांचं ब्रह्मवाक्य. तुम्ही एकदा तोंडात पदर कोंबून हसत आतल्या खोलीत पळाला होतात.

शनिवारी डॉक्टरांच्या खोलीत हे "चार" म्हणाले आणि माझ्या खुर्चीच्या पायाला ठोके लागले. मी सवयीने मोजले. आठ. मग मनाची समजूत घातली की पाय थरथरतोय, हल्ली थरथरतोच. आणि मान हलवली.

चार नि आठ बारा. ताई, बाराच आहेत. मला माहीत आहे, कारण मोजून मीच देते.

आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. सुरुवात संध्याकाळी होत नाही, सकाळी सातला होते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचा छोटा कप असतो ना, तसाच एक पेगभर मावणारा आहे, त्याने. पहिली खेप हात थांबावेत म्हणून, त्याशिवाय कात्री सरळ चालत नाही. मग अकराला. मग जेवणाआधी. मी म्हणायची, बाहेर ढोसण्यापेक्षा घरात मापात घेतलेली बरी. मोठ्या शहाणपणाने म्हणायची. मापांच्या वहीत शेवटी, गिऱ्हाईकांचं असतं तसं ह्यांचंही पान आहे. तारीख आणि आकडा. दीड वर्षापूर्वी पाचाने सुरुवात केली, हळूहळू कमी करत आणणार होते. पान उलटत गेलं तसा आकडा चढतच गेला.

आणि झटका आलेला आहे.

गेल्या थंडीत एका रविवारी मी सगळं मोरीत ओतलं. म्हटलं, एकदाचा निकाल लावू. सोमवारी दुपारी हे टेबलापाशी उभे होते, ते एकदम ताठ झाले. पडताना डोकं मशीनच्या कडेवर आपटलं. हातपाय झाडत होते. जीभ चावली गेली, कापडावर रक्त. डोळे उघडे होते, पण कुणाला ओळखत नव्हते. मी नुसती नाव घेऊन ओरडत होते, ज्या नावाने कधी हाक मारली नाही त्या नावाने. थांबलं, तेव्हा मी शटर ओढलं. दवाखान्यात नेलं नाही. तिथे विचारलं असतं, किती पितात, कोण देतं. जाऊन बाटली आणली आणि चमच्याचमच्याने पाजली. तासाभरात हात शांत झाले. ह्यांना काही आठवत नव्हतं. मी सांगितलं, उपाशीपोटी चक्कर आली.

तेव्हापासून मला दारूपेक्षा ती थांबण्याचीच भीती वाटते. ग्लासाचा आवाज आला की राग येत नाही, उलट जिवाला थंडावा वाटतो. हे कुणाला सांगायचं?

उद्या गुरुवार. गोळ्या टेबलावर आहेत, चार पेगवाल्या माणसाच्या. उद्या सातला मी कप दिला नाही तर शुक्रवारी दुपारी काय होईल ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दिला, तर डॉक्टर करायच्या कशाला? आणि खरं सांगितलं तर ह्यांना आत घेतील, ज्या दाराची ह्यांना भीती आहे त्याच दारातून, आणि माझ्याच तोंडच्या शब्दाने. वर ह्यांना कळेल की तेव्हा चक्कर नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, मी दोन्हींच्या मधल्या दगडावर उभी आहे आणि दगड हलतोय.

नऊला दवाखान्यात जायचं आहे. वही पिशवीत टाकली आहे. सांगायचं ठरवलं आहे. पण माझ्या तोंडाचा भरवसा तुम्हाला ठाऊक आहे.

हे विचारताहेत, एवढी लांब यादी कसली. थांबते.


गुरुवार, ता. १२
दवाखान्याच्या बाकावरून

ताई,

हे आत गेले. मी बाहेर बसले आहे. कागद नर्सकडून मागून घेतला, त्याच्यामागे कुणाच्या तरी जेवणाचं वेळापत्रक छापलेलं आहे.

सकाळी सातचा कप मी दिला. त्यावरून काय बोलायचं ते बोला.

डॉक्टरांनी विचारलं, "कालची शेवटची कधी घेतली? आणि दिवसभरात किती?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल तुम्हाला लिहिल्यापासून मी मनात घोकत होते, बारा, सकाळी सात, झटका. मांडीवर पिशवी, पिशवीत वही, वहीवर हात. आणि माझ्या तोंडातून काय आलं सांगू? "संध्याकाळी. चारच." अगदी सफाईने.

डॉक्टर लिहायला लागल्या. पेनचा आवाज ऐकू येत होता.

"वही काढ," हे म्हणाले.

मी म्हटलं, कसली वही.

"मागची पानं दाखव. रोज कप देऊन तू लिहायला वळतेस, तेव्हा मी काय डोळे मिटून बसतो का?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "बाई, तोंडी सांगितलेलं धरू नका. आमच्यात कापायचं ते वहीवरून."

वही मी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी एकेक पान बोटाने वाचत उलटलं. एका जागी त्या थांबल्या. थंडीतला तो सोमवार. त्या दिवशी आकडा नाही, माझ्या अक्षरात लिहिलंय, 'पडले. दुपारी दोन.' मला ते लिहिल्याचं आठवतही नव्हतं. हात लिहून गेला असेल. "हे काय?" त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. रविवारची मोरी, सोमवारची दुपार, शटर, चमचा, सगळं. ह्यांच्याकडे बघण्याची हिंमत झाली नाही. फक्त एवढं दिसलं की ह्यांनी जिभेची कड दातांवरून फिरवली, जिथे चावल्याचा तो व्रण आहे ती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आज घरी बंद केली असती, तर..." आणि वाक्य तिथेच सोडून खाट रिकामी आहे का ते विचारायला फोन उचलला. पहिले तीन दिवस जपायचे आहेत. सलाईन, औषधं, तासातासाला नाडी. मी विचारलं, आता धोका नाही ना? त्या म्हणाल्या, घरी होता त्यापेक्षा खूप कमी. नाही असं म्हणाल्या नाहीत, ताई. मी वाट पाहिली.

कागदावर सही ह्यांनी स्वतः केली. हात इतका हलत होता की मी दोन्ही बाजूंनी कागद दाबून धरला, खडूने रेघ मारताना कापड धरते तसा.

वॉर्डाच्या दाराशी नर्सने अंगावरचं काय काय काढून घेतलं. घड्याळ, पट्टा. गळ्यात टेप होती. सकाळी दुकानातून निघताना काढायची राहिली होती, दोघांच्याही लक्षात नव्हतं. ती ह्यांनी गुंडाळून माझ्या हातात दिली. दाराकडे पाहून घाबरले होते. तुमचा भाऊ घाबरला की खाली बघतो, तसे खाली बघत म्हणाले,

"शनिवारी मी ठोके दिले होते. मोजलेस ना?"

मी म्हटलं, मोजले. आठ.

"मग लिहिलं का नाहीस?"

नर्सने दार लावलं. बाहेरूनच लागतं ते, खरंच.

आतून काही आवाज आला की मी उठते आणि पुन्हा बसते. उद्याची दुपार मला एकटीला काढवणार नाही, म्हणून हे पोस्टात न टाकता हातोहात पाठवते. मला शहाणपण शिकवायला या, शिव्या द्यायला या, नाहीतर काही न बोलता नुसत्या बसून राहा. जिना नाही, वॉर्ड खालीच आहे. ह्या बाकावर दोघींपुरती जागा आहे. टेप अजून माझ्या मुठीत आहे.

तुमची,
टाचणी