सातवी ब आणि न पडणारा चंद्र

३ जुलै, सोमवार

सातवी ब. गुरुत्वाकर्षण. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते — वीस वर्षं हेच सांगतेय, कुणी चूं केलं नाही. आज शेवटच्या बाकावरची ती नवीन मुलगी उभी. "बाई, पण का ओढते?" शाळा सुरू झाल्यापासून तोंडातून अक्षर नाही आणि पहिला प्रश्न हा! "वस्तुमान असतं म्हणून," म्हटलं. "हो, पण का?" घंटा झाली म्हणून सुटले.

४ जुलै

पुन्हा तीच! "मग चंद्र का पडत नाही?"

सांगितलं — पडतोच गं, सारखा पडतोय. पण त्याच वेळी आडवा धावतोय. जेवढा खाली येतो, तेवढीच खालची पृथ्वी वळून दूर जाते. म्हणून जमिनीला कधी लागत नाही, फेऱ्या घालत राहतो. आकृती झकास जमली. वर्ग खूश. ही नाही. "म्हणजे पडूनसुद्धा लागत नाही?" आणि वहीत लिहून घेतलं.

हे सातवीतल्या पोरीचे प्रश्न नव्हेत. बोलविता धनी वेगळाच आहे.

५ जुलै

सापडला! नवे विज्ञानाचे सर मधल्या सुट्टीत जिन्यात तिच्याशी कुजबुजत होते. मला पाहून दोघं गप्प. विभागप्रमुखाची जागा याच महिन्यात भरायची आहे — मी नाहीतर ते. मंगळवारी मोठ्या बाई माझा तास बघायला बसणार. तेव्हा पोरीला उभं करून मला तोंडघशी पाडायचं, दुसरं काय!

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला दोरीतही साप दिसतो." हे कायम दुसऱ्याच्या बाजूने.

७ जुलै

सरांना चहा विचारला. नको म्हणाले. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ जुलै, मंगळवार

मोठ्या बाई मागे बसलेल्या. आणि ती उभी राहिलीच! "बाई, माणूस उंचावरून पडला, तर त्याला चंद्रासारखं जाता येईल?"

मी तयारीतच होते. "येईल की! सेकंदाला आठ किलोमीटर पळायचं फक्त." वर्गात हशा पिकला. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. "आणि पृथ्वी का ओढते?" म्हटलं, "किती ओढते ते मोजता येतं. मुळात का, ते अजून कुणालाच पुरतं उलगडलेलं नाही. बस खाली." बसली. डाव फसला!

१२ जुलै

विभागप्रमुख — मी!!

१३ जुलै

सर अभिनंदन करायला आले. मनापासून. ती पोर त्यांच्या शेजारी राहते म्हणे. "मलाही हेच विचारायची. मीच म्हटलं, बाईंना विचार, त्यांच्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही." मग म्हणाले, "तिच्या वडिलांचं तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. इमारती रंगवायचे. एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फळीवरून पडले, गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वर्ग हसवला मी तिच्यावर.

ती डबा घेऊन गेली होती. खालून "बाबा!" म्हणून हाक मारली, ते वळले आणि तोल गेला. तेव्हापासून आडून आडून हेच विचारते आहे — हाक मारली नसती, तरी पडले असते का?